तुम्ही मागितलं होतं, मेस्त्री

मेस्त्री, गेल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत आमचे अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "मेस्त्रींनी आपल्या मंडळाकडून कधी एक पैसा घेतला नाही." सगळ्या हॉलने माना हलवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "खरा कलावंत." मी पहिल्या रांगेत बसले होते. तुमच्या फोटोला हार मीच घातला होता, कारण तुम्हाला मंडळात आणलं ते मी, हे सगळ्यांना माहीत. माझी पाळी आली तेव्हा उठले, "मेस्त्री फार गुणी होते" एवढंच म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं.

भरून आलं नव्हतं. तुम्ही मागितलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

सभा संपल्यावर स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" असं अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या मनातली दोन पानं कशी आहेत ते मला ठाऊक आहे. निःस्वार्थ, निरपेक्ष, रंगदेवतेचा सेवक. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा पहिल्याच ओळीवर अडले. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या वस्तीत. अभयची गाडी गॅरेजला टाकली होती आणि आम्ही नवराबायको बाहेर उन्हात ताटकळत उभे होतो. शेजारच्या शेडमध्ये एका निळ्या पाण्याच्या टँकरवर तुम्ही पांढऱ्या रंगाने अरबी अक्षरं काढत होतात. उजवीकडून सुरुवात करून, हात कुठेही न थांबवता. मी हिंदीत विचारलं, "आपको अरबी आती है?" तुम्ही आमचं बोलणं ऐकलेलं असणार, मराठीतच उत्तर दिलंत, "वाचता नाय येत वहिनी. हाताला येते."

गाव विचारलं तर कुडाळच्या पुढचं निघालं. वडील जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे, हे तुम्ही सांगितलंत आणि माझे कान टवकारले. आमच्या मंडळाच्या गणपतीत मूर्तीच्या शेजारी रंगमंच असायचा आणि त्याच्यामागे दर वर्षी एक जांभळी चादर टाचण्या मारून लावलेली असायची, वर थर्माकोलची अक्षरं. मी तिथल्या तिथे विचारलं, "आमच्यासाठी एक पडदा कराल?" तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. नंतर कळलं की गेली काही वर्षं तुमच्या हातात ब्रश क्वचितच यायचा. सगळे बोर्ड यंत्रावर कापलेल्या व्हिनाइलचे झाले होते आणि तुम्हाला ते चिकटवायला शिडीवर चढवत होते. टँकर तेवढे उरले होते.

"करतंय की," तुम्ही म्हणालात. माझ्याशी तुम्ही होता होईल तो पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचात, पण आनंद झाला की मालवणी सुटायची.

पैशांचं तेव्हा काही बोलणं झालं नाही. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी काढलं नाही.

सुट्टीचे सात शुक्रवार तुम्ही अल् घुब्राला आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आलात. ऑगस्टमधलं मस्कत, त्यात तळघर. गाड्या बाजूला काढून आम्ही जागा करून दिली, मांजरपाट आणून दिलं, रंग आणून दिले. मी वरून पोहे आणि चहा पाठवायचे. डोक्याला ओला पंचा गुंडाळून तुम्ही जमिनीवर पसरलेल्या कापडावर अनवाणी चालत काम करायचात आणि सारखं काहीतरी गुणगुणायचात. सानिका तेव्हा तिसरीत होती. ती खाली जाऊन बघत बसायची आणि वर येऊन सांगायची, "आई, अंकलनी आज वॉटर केलं. रिअल वॉटर."

त्या गुणगुणण्याचा मी आता विचार करते. आमचा जेवणाचा कंत्राटदार कपाळाला आठ्या घालून यायचा आणि आधी ॲडव्हान्स मागायचा. साउंडवाला वायरी ओढताना शिव्या द्यायचा. त्यांचे पैसे आम्ही मुकाट्याने द्यायचो. तुम्ही खूश दिसायचात. जो माणूस काम करताना खूश दिसतो त्याला पैसे द्यायला हात पुढे होत नाही. त्याला त्याचं मिळालं, असं आपण धरून चालतो. उलट आम्हीच तुम्हाला संधी दिली अशी आमची भावना होती. ही भावना आमच्यात सगळ्यांत जास्त माझी होती.

याचं मूळ माझ्या घरात आहे. पुण्यात माझी आई गायची. कॉलनीत कुणाचं डोहाळजेवण असो की मुंज, "काकू, दोन गाणी म्हणा ना," म्हणून बोलावणं यायचं. दोनाची दहा व्हायची. बसलेला घसा आणि एक ब्लाउजपीस घेऊन ती घरी यायची. तशा ब्लाउजपीसांनी एक ट्रंक भरली होती. मला त्याचा अभिमान वाटायचा. आईला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही.

तुम्हाला आम्ही शाल दिली. शाल आणि नारळ. टाळ्यांच्या कडकडाटात. दुसऱ्या वर्षी पुन्हा शाल, तिसऱ्या वर्षीही. तिसऱ्यांदा स्टेजवरून उतरताना तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "वहिनी, मस्कतात शाल कशाक वो?" आणि हसलात. मीही हसले. कमिटीच्या बायकांना मी तो किस्सा विनोद म्हणून सांगितला.

आणि पडदे सोडून बाकीचं काय काय. सानिकाच्या शाळेचे तक्ते. पाण्याचं चक्र, सूर्यमाला, मानवी हृदय. मी फोन करायचे, "मेस्त्री, पाच मिनिटांचं काम आहे." तुम्ही गालाहून दोन टॅक्सी बदलून यायचात. तुमची पाच मिनिटं म्हणजे तीन तास असायचे. हृदयाच्या तक्त्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. दारात तुम्ही चपला घालत असताना मी विचारायचे, "तुमचं काय झालं ते सांगा हं." एका हातात लाडवांचा डबा, दुसरा हात दाराच्या कडीवर. त्या प्रश्नाला "काही नको" याशिवाय दुसरं उत्तरच येणार नाही, अशा बेताने विचारायचे. हे कसब माझ्यात होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या पडद्यानंतरच्या हिवाळ्यात मंडळाची सहल कुरुमच्या बागेत होती. तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही आणि तुमच्या खोलीतले बाबल परब इस्त्रीचे शर्ट घालून आलात. गवत ओलं होतं, म्हणून कुणीतरी गाडीतून मोठं कापड काढून अंथरलं होतं, त्यावर साठ माणसं पुलाव खात बसली होती. तो तुमचा पडदा होता. रंगाची बाजू खाली, पण कडेला एका ठिकाणी दुमडलेला, आणि तिथे खाडीचं हिरवं पाणी दिसत होतं. त्यावर कुणाच्या तरी चपला होत्या.

मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही वाकलात, चपला उचलून बाजूला ठेवल्यात, दुमडलेली कड सरळ केलीत. मग ताट घेऊन गवतावर बसलात, कापडाच्या बाहेर. पँट ओली झाली असेल. मी तुमच्याकडे गोड पाठवलं आणि वाढपाच्या गडबडीत ते विसरूनही गेले.

त्यानंतरच्या जुलैत तुमचा फोन आला. एरवी फोन मीच करायचे, म्हणून मला नवल वाटलं. ते बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

"वहिनी, एक बोलू?"

"बोला ना."

"यंदाच्या पडद्याचं काहीतरी मानधन ठेवा. किती ते तुम्हीच ठरवा."

मला आधी वाटलं, चेष्टा करताहात. म्हणाले, "मेस्त्री, देवाच्या कामाचे पैसे मागता?"

"देवाकडे नाय मागत. मंडळाकडे मागतोय."

"अहो, पण आपलंच मंडळ ना ते."

"जेवणवालोपण आपलोच. तो घेता."

"तो त्याचा धंदा आहे."

"आणि माझा?"

उत्तर नसलं की मी समोरच्याला लाज वाटेल असं काहीतरी बोलते. म्हणाले, "तुम्ही कलाकार माणूस. मला वाटलं होतं तुम्ही तरी व्यवहार बघणार नाही."

तुमच्या मागे कुठेतरी ग्राइंडर चालला होता, त्याचा आवाज येत होता. मग म्हणालात, "ठीक असा, वहिनी," आणि फोन ठेवलात.

मी तो विषय कमिटीपुढे न्यायला हवा होता. कदाचित ते हो म्हणाले असते. आमची माणसं वाईट नाहीत, मेस्त्री. गावाकडे पूर आला, कुणाच्या मुलाचं ऑपरेशन निघालं तर भराभर पैसे काढणारी आहेत. पण कमिटीत माझा तोरा होता तो हाच, की मेस्त्री माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तुम्ही पैसे मागितलेत हे सांगितलं असतं तर तो उतरला असता. मी बैठकीत सांगितलं, "मेस्त्रींना यंदा जमणार नाही. कंपनीत कामाचा लोड आहे." सगळे म्हणाले, "अरेरे." आणि पाच मिनिटांत फ्लेक्स करायचं ठरलं. छपाईवाल्याने पूर्ण पैसे आगाऊ मागितले. कुणी हूं की चूं केलं नाही.

तरी तुम्ही दर्शनाला आलात. मी दुरून पाहिलं आणि प्रसादाच्या टेबलामागे गेले. तुम्ही तिथेच आलात. "वहिनी, जेवण झालां?" विचारलंत, जसं काही घडलंच नव्हतं. फ्लेक्सवर छापलेल्या देवळाकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "देवळाक सावली नाय."

मी विचारलं, "म्हणजे?"

"उजेड डावीकडून मारलोहा. मग देवळाची सावली खंय गेली?"

मी बघितलं. खरंच, नव्हती. माझ्याशिवाय त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणालाही ते कळलं नसेल, आणि मलाही तुम्ही सांगितलंत म्हणून. मी हसले आणि तुमच्या हातावर मोदक ठेवला.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं. दिवाळीला तुमचा मेसेज यायचा, मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मनात यायचं की एकदा नीट बोलायला हवं, घरी जेवायला बोलवायला हवं. एकदा तर तुम्ही समोरच होतात. गेल्या जूनमध्ये कुरुमला एका दुकानाच्या दर्शनी भागावर शिडी लावून तुम्ही व्हिनाइल चिकटवत होतात, प्लास्टिकच्या पट्टीने आतले हवेचे फुगे कडेला सारत. मी सिग्नलला गाडीत होते, एसी लावून, तुमच्यापासून वीस पावलांवर. हाक ऐकू गेली असती. काच खाली करायला एक बटण दाबायचं होतं. सिग्नल हिरवा होईपर्यंत मी फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. का, ते सांगता येत नाही. तुम्ही ओळखीचं हसला असतात, तेच मला नको होतं बहुतेक.

सभेच्या आधीच्या मंगळवारी बाबलचा फोन आला. "वहिनी, मेस्त्री सकाळी उठलो नाय." एवढंच बोलले.

सानिका आता नववीत आहे. तिला सांगितलं तेव्हा ती रडली. मग संध्याकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, अंकलना आपण पे करायचो ना? त्या चार्ट्सचे?"

मी म्हटलं, "ते घ्यायचे नाहीत."

"पण तू ऑफर केलं होतंस?"

मी कणीक मळत होते. मळतच राहिले. ती तिच्या खोलीत गेली. तेव्हापासून आमच्यात हा विषय निघालेला नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि अभय तुमच्या खोलीवर गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. चार खाटा, एक खिडकी, तुमच्या खाटेवरची गादी आधीच गुंडाळलेली. सामान बाबलनी बांधून ठेवलं होतं, तुमच्याबरोबर विमानाने गावी जायला. त्यांनी चहा केला. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, फोनवर काय झालं ते. त्यांना ते माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे येय तेव्हा शुक्रवारचा जादा काम सोडून येय तो. अर्बाब, आमचो मालक, चिडा त्येच्यार. पण पैशांसाठी नाय मागितल्यान वहिनी त्येनी."

"मग?"

"कुरुमात तो पडदो खाली घातलेलो बघून इलो ना, त्या राती जेवलो नाय. माका म्हणालो, बाबल, इकत घेतलेली चादर लोक घडी करून ठेवतत."

अभय माझ्याकडे बघत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. परतताना गाडीत तो इतकंच म्हणाला, "मला सांगायचं होतंस." मी म्हटलं, "तू काय केलं असतंस?" तो विचार करून म्हणाला, "माहीत नाही. कदाचित हसलो असतो." या खरेपणाबद्दल मी त्याची आभारी आहे.

बाबलकडून तुमच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा, नंबर घेतला होता. तुम्ही घरी पोचलात, सगळं पार पडलं, त्यानंतर काल फोन केला. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "होय, तुमचां नाव घेयत ते. पोहे चांगले करतात म्हणान." मला वाटलं होतं की त्या रडतील, किंवा रागावतील. मी त्यांना सांगितलं, तुमच्या नवऱ्याने हक्काचं मागितलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं. कमिटीला खोटं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तां आता ऱ्हवांदे. माका एक सांगा, ते पडदे कसे दिसत? हय आमी कोणीच बघूक नाय. ते सुट्टीक इले की सांगत, असो केलंय, तसो केलंय. तुमच्याकडे फोटो असतीत ना? धाडा."

मी लगेच हो म्हटलं. फोटोंची आमच्याकडे काय कमी. तीन वर्षांच्या तीन गणेशोत्सवांचे शेकड्यांनी फोटो मंडळाच्या संगणकावर पडलेत.

काल दुपारपासून मी ते एकेक करून बघितले. पाहुण्यांचा सत्कार. बायकांचं समूहगीत. मुलांचे नाच. माझे भाषण करतानाचे अकरा. सगळ्या फोटोंत आम्ही आहोत आणि आमच्यामागे तुम्ही. पैठणीच्या खांद्यावरून माडाची झावळी. कुणाच्या फेट्याशेजारी आभाळाचा तुकडा. दोन डोक्यांच्या मधून देवळाची एक पायरी, आणि तिला सावली आहे. पुढे कुणी माणूस नसलेला, नुसत्या पडद्याचा एक फोटो मला सापडला नाही. शुक्रवारमागून शुक्रवार तुम्ही तळघरात घाम गाळलात आणि आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की माणसं यायच्या आधी एक फोटो काढून ठेवावा. पहिल्या दोन पडद्यांचं काय झालं ते कुणाला आठवत नाही. तिसरा कुरुमहून परत आला की नाही तेही नाही.

सानिका शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मी जोडून बघते." तिने पहिल्या वर्षीच्या चाळीस फोटोंतून तुकडे कापले आणि संगणकावर एकमेकांना लावत बसली. डावीकडचे माड लागले. उजवीकडचं देऊळ लागलं. वरचं आभाळ जवळजवळ सगळं मिळालं. खाडीचा अर्धा काठ मिळाला. मधला भाग मिळेना, कारण मध्ये माइक होता आणि माइकसमोर सतत कुणीतरी उभं होतं. पुष्कळदा मीच. मध्ये तिला पांढरं सोडावं लागलं, माणसाच्या उंचीएवढं.

तसाच पाठवला.

आज सकाळी सुनंदावहिनींचा मेसेज आला. बोलून पाठवलेला, मागे कोंबडा आरवतोय. त्या म्हणतात, "खूप बरां वाटलां बघून. आमची खाडीच ती. तो माड आमच्या दारातलो. पण वहिनी, मधे काय काढलेलां त्येंनी?"

मी तो पडदा दोन दिवस समोर बसून पाहिला होता. त्याच्यापुढे उभी राहून बोलले होते. तुम्ही तळघरात तो रंगवत असताना दर शुक्रवारी चहा घेऊन खाली येत होते. डोळे मिटून बसले, अभयला विचारलं, सानिकाला विचारलं, अध्यक्षांना फोन केला, बाबलना केला. कुणी म्हणालं होडी, कुणी म्हणालं नुसतं पाणी असेल.

त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. मेस्त्री, मधे काय होतं?